जुना क्रोनोग्राफ: निवडावा कसा, पारखावा कसा, जपावा कसा

क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचंही काम करणारं घड्याळ. त्याचं बटण दाबलं की बोटाला एक छोटासा खटका जाणवतो. तेवढ्यात आत बरंच काही घडून गेलेलं असतं. एक तरफ खांबांच्या चाकाला एक घर पुढे सरकवते. खांब बाजूला होताच दुसरी तरफ आत पडते, अखंड फिरणारं एक दातेरी चाक मधल्या चाकाला भिडतं आणि इतका वेळ बारावर थांबलेला लांब काटा धावू लागतो. शून्याचं बटण दाबलं की ‘हातोडी’ नावाची पट्टी हृदयाच्या आकाराच्या एका छोट्या तुकड्यावर आपटते. तो तुकडा कुठल्याही स्थितीत असला तरी आपल्या आकारामुळेच फिरून एकाच जागी येतो आणि काटा बारावर जातो. हृदयाकृतीची ही युक्ती अडॉल्फ निकोल यांनी १८४४ मध्ये पेटंट केली. आजही यांत्रिक क्रोनोग्राफ तिच्यावरच चालतात. जुन्या क्रोनोग्राफचं मला वेड लागलं ते या यंत्रामुळे. ब्रँडची नावं आणि लिलावांच्या बातम्या नंतर आल्या.

दुसरं आकर्षण तबकडीवर छापलेलं असतं. ही घड्याळं कुणाच्या तरी कामासाठी घडवलेली आहेत आणि ते काम तबकडीच्या कडेवर वाचता येतं. टॅकीमीटरची पट्टी वेग सांगते: एक किलोमीटर अंतर ४५ सेकंदांत पार झालं तर काटा ८० वर असतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. टेलीमीटर प्रकाश आणि आवाज यांतल्या फरकावरून अंतर मोजतो. वीज चमकली की सुरू करा, गडगडाट ऐकू आला की थांबवा. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, तोच हिशेब पट्टीवर मांडलेला असतो. तोफखान्यातले लोक याच पट्टीवरून शत्रूच्या तोफेचं अंतर काढत. डॉक्टरांसाठीच्या पल्सोमीटरवर नाडीचे ठरावीक ठोके, बहुधा ३०, मोजून काटा थांबवला की मिनिटाची गती थेट वाचता येते. वैमानिकांसाठी ब्राइटलिंगने १९५२ मध्ये नेव्हिटायमरभोवती अख्खी गणिती फिरती पट्टी बसवली. आपल्याला यातलं कुठलं काम, कुठला काळ जवळचा वाटतो, हे आधी ठरवावं. संग्रहाला दिशा तिथूनच मिळते.

दुर्मिळ कशाला म्हणायचं

नवा संग्राहक इथेच सर्वात जास्त चुकतो. जुनं घड्याळ दुर्मिळ असेलच असं नाही, आणि सोन्याचं असलं तरीही नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर तबकडीवर फक्त ‘क्रोनोग्राफ स्विस’ असं छापलेली, पातळ सोन्याच्या केसमधली (केस म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच) घड्याळं प्रचंड संख्येने बनली. आजही ती सहज मिळतात आणि त्यांतल्या कित्येकांचे पट्टा अडकवायचे कान आतून पोकळ असतात.

खरी टंचाई आहे ती न छेडलेल्या घड्याळांची. क्रोनोग्राफ रोजच्या वापरातलं साधन होतं. दुरुस्तीला गेलं की काटे बदलले जायचे, केसला चकाकी आणली जायची, डागाळलेली तबकडी नव्याने रंगवली जायची. मालकाची त्यावर तक्रार नसे, कारण त्याला चालणारं घड्याळ हवं होतं. त्यामुळे हजारोंनी बनलेल्या मॉडेलमध्येही तबकडी, काटे, केस, बटणं आणि यंत्र असं सगळं मूळचं एकत्र राहिलेला नग शोधायला वर्षं जातात. या लेखातली प्रत्येक पायरी त्या एकाच प्रश्नाकडे जाते: हे सगळे भाग जन्मापासून एकत्र आहेत का?

हा प्रश्न किती गंभीर आहे हे एका उदाहरणावरून कळेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातल्या लिलावात १९५७ च्या पहिल्या पिढीचा एक ओमेगा स्पीडमास्टर, सीके २९१५-१, तीस लाख स्विस फ्रँकपेक्षा जास्त किमतीला गेला. २०२३ मध्ये खुद्द ओमेगाने जाहीर केलं की ते घड्याळ वेगवेगळ्या ठिकाणचे भाग जुळवून तयार केलेलं होतं. विशेष म्हणजे खरेदीदारही ओमेगाच होती. कंपनीचीच फसगत होते, तर आपण किती सावध राहायला हवं!

आतलं यंत्र ओळखा

बहुतेक कंपन्या क्रोनोग्राफचं यंत्र स्वतः बनवत नव्हत्या. व्हॅलजू, व्हीनस, लेमानिया, लँडेरॉन, एक्सेलसिअर पार्क अशा मोजक्या कारखान्यांकडून ते घेऊन त्या आपल्या केसमध्ये बसवत. व्हॅलजू ७२ हे तीन छोट्या तबकड्यांचं यंत्र ह्यूअरच्या कॅरेरात आहे आणि बदल करून रोलेक्सच्या डेटोनातही आहे. ओमेगाचं ३२१ हे मुळात लेमानियाचं यंत्र, १९४२ च्या सुमारास विकसित झालेलं. स्वतःच्या कारखान्यात घडवणाऱ्यांत लाँजिनचं नाव आदराने घ्यावं लागतं. त्यांचं १९३६ चं १३झेडएन फ्लायबॅक आहे, म्हणजे काटा चालू असतानाच शून्यावर आणून त्याच दमात पुन्हा सोडता येतो. हे यंत्र उघडून पाहायची संधी मिळाली तर सोडू नका.

नियंत्रणाच्या दोन पद्धती असतात. कॉलम व्हील म्हणजे वर सांगितलेलं खांबांचं चाक. ते घडवायला अवघड आणि महाग, पण बटण मऊ आणि नेमकं चालतं. दुसरी पद्धत कॅमची: पत्र्यातून कापलेले, एकमेकांवर सरकणारे तुकडे. ते स्वस्त, टणक आणि दुरुस्तीला सोपे. ओमेगाने १९६८ मध्ये ३२१ च्या जागी ८६१ आणलं ते कॅमचंच. कॅमला हलकं समजणाऱ्यांशी माझं पटत नाही. नीट सर्व्हिस झालेलं ८६१ पिढ्यान्‌पिढ्या चालेल आणि त्याचे सुटे भागही मिळतात. पहिल्या खरेदीसाठी तर मी कॅमचंच यंत्र सुचवेन.

लँडेरॉन ४८ बद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण अनेक जण ते बिघडलेलं समजून परत करतात. त्यात वरचं बटण फक्त सुरू करतं. थांबवायचं खालच्या बटणाने आणि शून्यावरही खालच्याच बटणाने न्यायचं. त्याची रचनाच तशी आहे.

स्वयंचलित क्रोनोग्राफ हवा असेल तर १९६९ हे वर्ष लक्षात ठेवा. जानेवारीत झेनिथने एल प्रिमेरो जाहीर केलं, मार्चमध्ये ह्यूअर, ब्राइटलिंग, हॅमिल्टन-ब्युरेन आणि दुब्वा-देप्रा यांच्या गटाने कॅलिबर ११, आणि त्याच वर्षी जपानमध्ये सेइकोचं ६१३९ बाजारात आलं. कॅलिबर ११ ची चावी डाव्या बाजूला असते, ह्यूअरच्या चौकोनी मोनॅकोत ती लगेच नजरेत भरते. क्लच म्हणजे क्रोनोग्राफचा काटा चालत्या यंत्राला जोडणारा आणि सोडवणारा भाग. आडव्या क्लचमध्ये दातेरी चाकं बाजूने भिडतात, उभ्यात चकत्या वरून दाबल्या जातात. सेइको ६१३९ मध्ये कॉलम व्हील आणि उभा क्लच दोन्ही आहेत, त्यामुळे सुरू होताना काटा उडी मारत नाही. अंतराळवीर विल्यम पोग यांनी स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावरच्या मोहिमेत हेच घड्याळ मनगटावर नेलं होतं. या यंत्राला हाताने चावी भरता येत नाही, तेव्हा बंद घड्याळाची चावी फिरवून काही होत नाही म्हणून घाबरू नका. ते अलगद डोलवा.

एकच मॉडेल घ्या आणि त्याचा अभ्यास करा

खरेदीच्या आधी काही महिने एकाच मॉडेलवर नजर तयार करा. लिलावांच्या जुन्या कॅटलॉगमधले मोठे फोटो, जाणकारांच्या संग्रहातले नग, दुरुस्तीला उघडलेली यंत्रं, जे मिळेल ते बघा आणि फोटो साठवत जा. शंभरेक नग बारकाईने पाहिले की एकशे पहिल्यातली चूक आपोआप खटकते.

कशा प्रकारच्या खुणा शोधायच्या, हे १९६० च्या दशकातल्या स्पीडमास्टरवरून सांगतो. १०५.०१२ या मॉडेलच्या केसला चावीकडच्या बाजूला जास्तीची जाडी असते, १०५.००३ ची केस मात्र सरळ कानांची आणि दोन्ही बाजूंनी सारखी. दोन्हींत ३२१ हवं. तबकडीवरचं ओमेगाचं चिन्ह धातूचं, वेगळं बसवलेलं हवं; छापलेलं चिन्ह नंतर आलं. बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यावर, ९० या आकड्याचा ठिपका त्या काळात आकड्याच्या वरच्या बाजूला असे, पुढे तो शेजारी गेला. मागचं झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला मॉडेलचा क्रमांक सापडतो आणि यंत्रावरचा अनुक्रमांक त्या काळाशी जुळावा लागतो. यांतलं १०५.०१२ हे मॉडेल अपोलो ११ च्या वेळी बझ ऑल्ड्रिन यांच्या मनगटावर होतं. एवढी कीर्ती असल्यामुळे त्याचे सुटे भाग जमवून ‘मूळ’ नग तयार करणारेही पुष्कळ आहेत.

रोलेक्स डेटोनाच्या, हॉलिवूड अभिनेत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘पॉल न्यूमन’ तबकडीने मात्र सुरुवात करू नका. नव्या असताना या तबकड्यांना फारसं गिऱ्हाईक नव्हतं. पुढे न्यूमन यांचं स्वतःचं, ६२३९ या मॉडेलचं घड्याळ ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरवर गेलं. त्या तबकडीच्या नकला इतक्या सफाईदार असतात की मुरलेले लोकही एकमेकांना विचारल्याशिवाय मत देत नाहीत.

हातात घेतल्यावर: आधी तबकडी

दहापट भिंग घ्या आणि सर्वात जास्त वेळ तबकडीला द्या. घड्याळाची निम्मीअधिक किंमत तिच्यातच असते. मूळ छपाईची अक्षरं काठाशी धारदार असतात, नव्याने रंगवलेल्या तबकडीवर ती जाड होतात, किंचित फुगतात. छोट्या तबकड्यांमध्ये कोरलेली वर्तुळाकार चरे असतात. ती रंगाने भरून गेली असतील तर वरून थर चढलेला आहे. तळाशी ‘स्विस’ हा शब्द अर्धा बेझलखाली जातोय का, गायबच आहे का, हे बघा. सेकंदाच्या पट्टीचे भाग मोजा. तासाला १८,००० ठोके देणाऱ्या यंत्रात सेकंदाला पाच ठोके पडतात, म्हणून पट्टीवरही बहुधा प्रत्येक सेकंदाचे पाच भाग असतात. हौशी रंगकाम करणारे त्यात कंटाळा करतात. चारच भाग दिसले तर त्या मॉडेलचे मूळ फोटो काढून ताडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डागांना घाबरू नका. जपून म्हातारी झालेली तबकडी रंगवलेल्या तबकडीपेक्षा केव्हाही चांगली. काळ्या तबकडीचा उन्हाने तपकिरी झालेला रंग, ज्याला संग्राहक ‘ट्रॉपिकल’ म्हणतात, एकसारखा असेल आणि अक्षरं शाबूत असतील तर तो मोलाचा आहे. पाणी शिरून उठलेले फोड आणि चट्टे ट्रॉपिकल म्हणून विकले जातात. ते वेगळे ओळखायला शिका.

मग अंधारात चमकणारा मसाला, म्हणजे ल्यूम. साधारण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियम वापरलं जाई, नंतर ट्रिशियम आलं आणि तबकडीच्या तळाशी ‘टी’ हे अक्षर दिसू लागलं. ट्रिशियमचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं. त्यामुळे साठच्या दशकातलं घड्याळ आज रात्रभर लख्ख चमकत असेल तर मसाला नंतर भरलेला आहे, हे नक्की. काट्यांवरच्या आणि तबकडीवरच्या मसाल्याचा रंग जवळपास सारखाच हवा. रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षं आहे. त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग तसाच असतो. अशी केस घरी उघडू नका, मसाला खरवडू नका, आणि अनेक नग असतील तर ते हवा खेळती राहील अशा जागी, झोपायच्या खोलीबाहेर ठेवा. यात हयगय नको, कारण त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाणं हाच खरा धोका आहे.

काट्यांची लांबी पाहून घ्या. मूळ काटे आपापल्या पट्टीला नेमके टेकतात. आखूड किंवा पुढे गेलेला काटा दुसऱ्या घड्याळातून आलेला असण्याची दाट शक्यता.

केस आणि बटणं

केसच्या कानांच्या कडा धारदार आहेत का? दोन्ही बाजूंचे कान सारख्याच जाडीचे आहेत का? मागच्या झाकणावरची अक्षरं, सोन्यावरचे हॉलमार्क पुसट झाले असतील तर पॉलिशच्या चाकावर धातू गेलेला आहे आणि तो परत येत नाही. ओरखडे असलेली, पण आकार शाबूत असलेली केस घ्या. मुलामा दिलेल्या केसमध्ये कानांच्या टोकांना आणि बटणांच्या आजूबाजूला आतला धातू दिसतो का, तेही पाहा. बटणांचा आकार मॉडेलप्रमाणे चौकोनी किंवा गोल असतो. चावी आणि बटणं हे सर्वात जास्त बदलले जाणारे भाग आहेत, ते बदललेले असले तर किमतीत तेवढी सूट मागा.

चालवून बघणं

बटण दाबा. आडव्या क्लचच्या यंत्रात सुरुवातीला काटा किंचित हलला तर चालेल, मागेपुढे थरथरत राहिला तर नाही. पूर्ण एक मिनिट थांबा. साठाव्या सेकंदाच्या आसपास मिनिटाचा काटा स्पष्टपणे एक घर पुढे गेला पाहिजे. तो अर्ध्यावर अडकतो का, हे अर्धा तास चालवल्यावरच कळतं, तेव्हा घाई करू नका. मग थांबवा, शून्यावर आणा, आणि हे वेगवेगळ्या जागी थांबवून पुन्हा पुन्हा करा. दर वेळी काटा बरोबर बारावर यायला हवा. कधी इथे कधी तिथे येत असेल तर काटा नळीवर सैल आहे किंवा हातोडी बिघडली आहे. फ्लायबॅक नसलेल्या यंत्रात चालू काटा शून्यावर आणायचा प्रयत्न करू नका. खालचं बटण जोर मागत असेल तर जोर लावू नका.

टाइमग्राफर, म्हणजे घड्याळाची टिकटिक ऐकून त्याची चाल मोजणारं उपकरण, उपलब्ध असेल तर क्रोनोग्राफ बंद ठेवून आणि चालू ठेवून असं दोनदा मोजा. चालू केल्यावर ॲम्प्लिट्यूड, म्हणजे यंत्रातल्या डोलणाऱ्या चाकाचा झोका, वीस-तीस अंशांनी उतरणं स्वाभाविक आहे. त्याहून जास्त उतरत असेल, किंवा घड्याळ बंदच पडत असेल, तर तेल सुकलंय किंवा चाकांची पकड चुकीची लावली आहे.

झाकण उघडल्याशिवाय खरेदी करू नका. दुरून व्यवहार असेल तर यंत्राचे स्पष्ट फोटो मागा, देणार नसेल त्याच्याकडून घेऊ नका. स्क्रूंच्या खाचा चिघळलेल्या आहेत का, कुठे गंज आहे का, एखाद्या पट्टीचा मुलामा इतरांपेक्षा वेगळ्या रंगाचा आहे का, हे पाहा. एक फसवणूक विशेष प्रचलित आहे. व्हीनस १७५ ची यंत्रसामग्री पुढे चीनकडे गेली आणि तिच्यातून सीगल एसटी १९ जन्मलं. हे स्वतः एक चांगलं यंत्र आहे, पण ते जुन्या स्विस नावाच्या तबकडीखाली घालून १९४० च्या दशकातलं म्हणून विकलं जातं.

व्यवहार

विकणाऱ्याला थेट विचारा: कुठले भाग बदलले आहेत, शेवटची सर्व्हिस कधी झाली, यंत्र आणि केसचे क्रमांक काय आहेत. उत्तर लेखी घ्या. काही जुन्या कंपन्या आपल्या नोंदवह्यांतून उतारा देतात. लाँजिन आणि पॅटेक फिलिप यांचे उतारे संग्राहकांना चांगले परिचयाचे आहेत. उताऱ्यातून घड्याळ कधी आणि कुठल्या स्वरूपात बनलं हे कळतं. आज हातात असलेले काटे तेव्हाचेच आहेत, हे मात्र त्यातून कळत नाही. भिंग त्यासाठीच हवं.

पैशांचा हिशेब करताना सर्व्हिसची रक्कम आधीच बाजूला काढा. क्रोनोग्राफची सर्व्हिस साध्या घड्याळापेक्षा बरीच महाग असते आणि ‘नुकतीच सर्व्हिस झाली’ या वाक्याला पावतीशिवाय अर्थ नाही. यंत्राचे सुटे भाग मिळतात का, हे घेण्यापूर्वी घड्याळजींना विचारा. व्हॅलजू ७७३० च्या कुटुंबातलं, ओमेगा ८६१ किंवा सेइको ६१३९ असेल तर मार्ग निघतो. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या यंत्राची एक तरफ मोडली तर ती हाताने घडवून घ्यावी लागते.

घड्याळजींकडे देताना

क्रोनोग्राफ उघडण्याचा सराव असलेलेच घड्याळजी निवडा. साध्या घड्याळात निष्णात असलेल्यांनाही क्लचची खोली लावणं जमतंच असं नाही. घड्याळ देताना कागदावर लिहून द्या: केसला पॉलिश नको, तबकडीला हात लावू नये, काटे आणि मसाला आहे तसाच ठेवावा, बदललेला प्रत्येक भाग परत हवा. शेवटचा मुद्दा ठामपणे सांगा. गंजलेली चावी किंवा झिजलेलं बटणसुद्धा छोट्या पाकिटात घालून घड्याळासोबत ठेवावं, पुढच्या मालकाला त्यातून मूळ काय होतं ते समजतं.

वापर

घड्याळ घालावं, नुसतं पेटीत ठेवू नये. पण पाण्यापासून कटाक्षाने दूर ठेवा, मागच्या झाकणावर काहीही लिहिलेलं असो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या सीलवर भरवसा ठेवता येत नाही. घाम आणि दमट हवाही बटणांवाटे आत शिरते, म्हणून पावसाळी दिवसांत ते घालू नका आणि ठेवायच्या पेटीत सिलिका जेलची पुडी टाका. स्पीकर, चुंबकी झाकणाचे फोन आणि पिशव्या यांच्यापासून लांब ठेवा. हेअरस्प्रिंग, म्हणजे डोलणाऱ्या चाकाची केसासारखी बारीक स्प्रिंग, चुंबकित झाली की घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटं पुढे धावायला लागतं. हे चुंबकत्व उतरवणं घड्याळजींना क्षणाचं काम आहे. तारीख दाखवणारं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख बदलू नका.

क्रोनोग्राफचा सेकंदाचा काटा दिवसभर चालू ठेवायची सवय काहींना असते. आडव्या क्लचच्या जुन्या यंत्रात त्याने चाकांची झीज होते, म्हणून काम झालं की थांबवावा. उलट महिनोन्‌महिने बटणं न दाबणंही बरं नाही. आठवड्यातून एकदा चावी भरा, क्रोनोग्राफ काही मिनिटं चालवा, थांबवा आणि शून्यावर आणून ठेवा.